सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर झेप घेणाऱ्या लढाऊ विमानाचं चांगलं तीन मजली चित्र होतं. पाहुणे आले की त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत. आत शिरलं की मात्र विमान औषधालाही सापडत नसे. आत तीन हजार माणसं दिवसभर राबायची ती पिना, बुश, करंगळीएवढे स्क्रू आणि कागद यांच्यावर. खरं सांगायचं तर जास्त करून कागदांवरच. विमानाच्या चाकाचा पाय ज्या पिनेवर फिरतो ती पिन जेमतेम हातभर लांब, पण तिच्या कागदांची चळत माणसाच्या गुडघ्याला लागेल. पोलाद कुठल्या भट्टीतलं, ते कोणी कापलं, कोणी तापवलं, कोणी मोजलं, आणि ज्या यंत्राने मोजलं ते यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे सगळं लिहायचं आणि चाळीस वर्षं जपायचं. घरात स्वतःच्या जन्माचा दाखला शोधताना या लोकांच्या नाकी नऊ येत, पण पिनेची कुळकथा विचारा, पाच मिनिटांत टेबलावर.

ही कुळकथा सांभाळायचं काम वहिनीकडे होतं. नाव तिला होतंच, पण तिचा नवरा तपासणी विभागातला सगळ्यांचा दादा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. निवृत्तीला टेकलेले फोरमनसुद्धा तिला वहिनीच म्हणत. रेकॉर्ड रूममध्ये तिला चौदा वर्षं झाली होती. माल तयार झाला की त्याचं रूट कार्ड, म्हणजे कुठलं काम कोणी कधी केलं याचा तक्ता, तिच्या टेबलावर यायचं. ती ते ओळ न् ओळ वाचायची, आणि तिने 'कागद पूर्ण' म्हणून सही केल्याशिवाय एक पेटी फाटकाबाहेर जायची नाही.

नवरा जाऊन दोन महिने झाले होते. जानेवारीच्या नऊ तारखेला संध्याकाळी कामावरून आला, खुर्चीत बसला, 'जरा पाणी दे' म्हणाला. ती पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. साखर जुनी होती, हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी चारचौघांसमोर रडायचं तेवढं ती रडली. नंतर आत काहीतरी बंदच पडलं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात, मग गालाला हात लावला तर गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. तसं तिला सगळ्याच अंगाचं झालं होतं. भेटायला येणारे रडायचे आणि ती त्यांची समजूत घालायची. कामावर एक दिवस उशीर नाही, कागदात एक चूक नाही. बायका आपसांत म्हणायच्या, "बाई खंबीर आहे हो." खंबीर कसली, तिला काही जाणवतच नव्हतं.

रेकॉर्ड रूमचा प्रमुख होता स्वल्पविराम. हे नाव त्याने कष्टाने कमावलेलं. एक स्वल्पविराम राहिला म्हणून त्याने एकदा अख्खी फाइल दोन मजले खाली परत पाठवली होती, आणि ती सुधारून आल्यावर स्वल्पविराम फार मोठा काढलाय म्हणून पुन्हा. माणूस वाईट नव्हता. वहिनी परत कामावर आली तेव्हा त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून त्याने तिच्या टेबलावरचा दिवा बदलून दिला.

त्या मंगळवारी सकाळी चोवीस पिनांचा लॉट कागदाला आला. पाठोपाठ डिस्पॅचच्या साहेबांचा फोन.

"वहिनी, शुक्रवारी गाडी भरायचीय. पेट्या ठोकून ठेवल्यात. तुमची सही तेवढी राहिलीय."

"बघते," वहिनी म्हणाली.

"बघते नको, झालं म्हणा!"

तिने फोन ठेवला आणि कार्ड वाचायला घेतलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सगळे शिक्के जागच्या जागी. तपासनीस सही करत नाही, शिक्का मारतो. प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि माणूस गेला, निवृत्त झाला तरी तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळत नाही. नवव्या ओळीत तडा-तपासणी. तिथे गोलात सत्तेचाळीस, तिच्या नवऱ्याचा नंबर. सातच्या शेपटीला बारीक खोच, कारण बारा वर्षांपूर्वी शिक्का फरशीवर पडला होता आणि त्या दिवशी नवरा जेवला नव्हता.

शिक्का बघून तिला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. 'आज लवकर आटपलं वाटतं ह्यांचं,' असं मनात आलं, आणि ती दुपारच्या डब्याचा विचार करू लागली. इतकं सहज, की पुढच्या चौकोनातली तारीख तिने दोनदा वाचली तरी तिचा अर्थ लागला नाही. तारीख होती तेरा जानेवारी.

नऊला माणूस गेला. तेराला त्याने चोवीस पिना तपासून पास केल्या.

तिने संगणकावर पाहिलं. संगणकाला काही वावगं वाटत नव्हतं. शिक्का सत्तेचाळीस, वैध, एकवीस जानेवारीपर्यंत. बरोबरच होतं. शिक्का जमा होतो त्या दिवशी बाद होतो, माणूस मरतो त्या दिवशी नाही. संगणकाला कोण सांगणार? एकवीसला तिनेच तो स्टोअरमध्ये नेऊन दिला होता. स्टोअरकीपरने नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर हातोडीने त्याचे तुकडे केले आणि साक्षीदार म्हणून तिचीही सही घेतली. तो बिचारा रडत होता, ती त्याला म्हणाली होती, "आधी तारीख लिहा."

आणि आदल्या दिवशी तो शिक्का तिच्या हातात आणून दिला होता धाकट्याने, तिच्या दिराने. 'दादाच्या लॉकरमध्ये होता,' म्हणाला होता.

धाकटा त्याच विभागात मदतनीस होता. पिना उचलायच्या, पुसायच्या, मांडायच्या. शिक्का मिळायला तडा-तपासणीची परीक्षा लागते, ती त्याची एप्रिलात होती. घरात वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको, खाली वहिनी आणि सासूबाई. दादा गेल्यापासून सासूबाईंची औषधं, दवाखाना, बिघडलेला नळ, सगळं तो न सांगता बघायचा. सासूबाई दिवसातून चारदा म्हणायच्या, "एक गेला, पण एक आहे गं डोळ्यांसमोर."

शिक्का दुसऱ्याच्या हातात देणं हा त्या कारखान्यात सगळ्यात मोठा गुन्हा. चोरी केली तर एक नोकरी जाते. दुसऱ्याचा शिक्का मारला तर या धंद्यातल्या कुठल्याच फाटकात पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. हे धाकट्याला माहीत नव्हतं थोडंच? पण त्याची गंमत बघा. मेलेल्या माणसाचा शिक्का मारायची हिंमत केली, आणि तारीख मात्र खरी लिहिली. आठ लिहिली असती, सात लिहिली असती, तर ब्रह्मदेवाला पत्ता लागला नसता. पण खोटी तारीख लिहू नये हे दादाने त्याच्या हाडीमांसी भिनवलं होतं. शिक्का उचलताना न अडलेला हात तारखेपाशी अडला.

वहिनीने कार्ड खणात ठेवलं आणि बाकीचं काम केलं. दुपारी डबाही खाल्ला.

खाताना तिचं ठरलं. मार्ग अगदी सोपा होता, रोजचा होता. कार्डावर 'शिक्का पुसट, पुन्हा तपासा' असं लिहायचं आणि परत पाठवायचं. महिन्यातून दोनदा असं होतंच. दुसरा तपासनीस चोवीस पिना नव्याने बघेल, आपला शिक्का मारेल, नवीन कार्ड येईल, जुनं रद्द. गाडी शुक्रवारऐवजी सोमवारी जाईल आणि डिस्पॅचचे साहेब थोडी आदळआपट करतील. कोणाचं काही बिघडणार नाही. फक्त धाकट्याची चांगली कानउघाडणी करायची, म्हणजे पुन्हा असली अक्कल पाजळणार नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती तपासणी विभागात गेली. सगळे कँटीनला गेले होते. धाकटा एकटाच पिना पुसत होता. तिने कार्ड त्याच्यासमोर धरलं, नववी ओळ वर. त्याने पाहिलं आणि त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"इथे नको, वहिनी," तो म्हणाला. "आत या."

आत म्हणजे अंधाऱ्या खोलीत. तीन बाजूंना काळे पत्रे, एका बाजूला जाड काळा पडदा. पिनेला चकाकणारं तेल लावून पुसून घेतात आणि इथे जांभळ्या दिव्याखाली धरतात. केसाएवढा जरी तडा असला तरी त्यात राहिलेलं तेल हिरव्या धाग्यासारखं चमकतं. तेवढाच एक धागा दिसायला हवा, आणि तो दिसण्यासाठी आधी पाच मिनिटं अंधारात नुसतं उभं राहायचं, डोळ्यांना सवय होईपर्यंत. चौदा वर्षांत वहिनीने या खोलीबद्दल हजारो वेळा वाचलं होतं. आत पाय पहिल्यांदाच ठेवत होती.

धाकट्याने पडदा ओढला. काहीच दिसेना.

"किती पिना बघितल्यात अशा?" तिने विचारलं.

"चोवीसच्या चोवीस. एकेक फिरवून, दोनदा. वहिनी, शपथ सांगतो, एकीलाही तडा नाही."

"भाऊजी, मी त्या चोवीसचं नाही विचारत. हे गेल्यावर शिक्का कितीदा मारलात?"

"एकदाच. हाच एक लॉट. लॉट अडकून पडला होता, मुख्य तपासनीस रजेवर होते, सुपरवायझर म्हणाले, दादाने बघून ठेवल्या असतील तर कार्ड पुढे सरकव. दादाने बघितल्या नव्हत्या. मी बघितल्या होत्या. शिक्का खिशात होता."

"ह्यांचा शिक्का तुमच्या खिशात कसा?"

वहिनीने हातातला रुमाल मुठीत दाबला. धाकट्याने दिवा लावला, बहुतेक हाताला काहीतरी काम हवं म्हणून. तिचा पांढरा रुमाल एकदम निळा उजळला.

"दादाला दिसत नव्हतं," धाकटा म्हणाला.

"काय दिसत नव्हतं?"

"हे. बारीक काही दिसायचं नाही. डोळ्यांत रक्त उतरायचं, साखरेने. ऑगस्ट संपता संपता मला म्हणाला, तू आत जा, बघ, मी बाहेर उभा राहतो. मी साफ म्हणालो की तो शिक्का मारायचा. पुढे पुढे म्हणाला, शिक्का तुझ्याकडेच राहू दे, माझा नीट जागेवर बसत नाही. ओळ सोडून पडायचा, वहिनी."

"जुलैत डोळे तपासले होते ना कंपनीने? मीच लावलाय तो कागद. 'उत्तम' लिहिलंय."

"तक्ता पाठ होता त्याला. बावीस वर्षं दवाखान्यात तोच तक्ता आहे."

त्या बधिरपणातही वहिनीला हसू आलं. अगदी ह्यांच्याचसारखं. बाजाराची यादी धड लक्षात राहायची नाही, आणि तक्ता पाठ.

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"दादाने शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं तर ती सही करणार नाही."

खरंच होतं ते. तिने केली नसती. नवऱ्याने तिला ओळखलं होतं, आणि म्हणूनच आठ महिने तिच्यापासून लपवलं होतं. पण आठ महिने हा हिशेब तिच्या डोक्यात तेव्हा आला नव्हता. तेव्हा ती अजून ऑगस्टच धरून चालली होती.

"म्हणजे ऑगस्टपासूनच्या सगळ्या पिना तुम्ही बघितल्यात," ती म्हणाली.

"हो. सगळ्या मीच."

"एकही सुटली नसेल?"

"असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल, वहिनी? पण मी बघितल्यात. नीट बघितल्यात."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तो एकटाच आत यायचा," धाकटा म्हणाला. "तेव्हा दिसत होतं की नाही, कधीपासून दिसेनासं झालं, ते मला नाही माहीत. विचारलं होतं एकदा. म्हणाला, तू तुझं बघ."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. वहिनी पडद्याबाहेर आली आणि उजेडात तिचे डोळे दिपले. 'शिक्का पुसट' हे लिहायला ती पेन घेऊन आली होती. ते तसंच पदराआड धरून ती वर गेली.

घरी गेल्यावर तिने हातपाय धुतले, सासूबाईंची गोळी दिली, दिवेलागणीला भाजी चिरायला घेतली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. सकाळचा पेपर खुर्चीवर न उघडलेला पडला होता. दोन महिन्यांत तो कोणी बंद केला नव्हता आणि कोणी उघडतही नव्हतं.

"जरा वाच ना गं मला," सासूबाई म्हणाल्या. "त्याला वाचून दाखवायचीस तसा. मला ऐकू यायचं आतल्या खोलीत. बरं वाटायचं."

वहिनीने विळी बाजूला केली, हात पुसले, पेपर उघडला. पहिली बातमी वाचली, कुठल्यातरी पुलाच्या कामाची. दुसऱ्या बातमीच्या मध्यावर तिचा आवाज थांबला.

नवरा पेपरच्या बाबतीत राक्षस होता. पहिल्या पानाच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत स्वतः वाचायचा, आणि त्याच्याआधी कोणी घडी मोडली तर दिवसभर तोंड फुगवून बसायचा. तोच माणूस एका सकाळी तिला म्हणाला, "आजपासून पेपर तू वाचायचास. मी डोळे मिटून ऐकणार." ती म्हणाली होती, "हे काय नवीनच?" तर म्हणाला, "तुझा आवाज ऐकायचाय. वीस वर्षांत ऐकलाच नाही नीट." ती लाजली होती त्या वयात. गॅसवर दूध उतू गेलं होतं. त्या दिवशी मेची तीन तारीख होती, आणि त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. ती भेट समजली होती ती.

त्याच महिन्यात त्याने स्कूटर विकली, मान दुखते म्हणून. मग दोघं बसस्टॉपपर्यंत चालत जायची. वीस वर्षांत रस्त्यात कधी बोटाला बोट न लावणारा माणूस तिचा हात धरून चालायला लागला. फुटपाथ उतरताना घट्ट धरायचा. शेजारणी बघायच्या, आणि तिला बरंच वाटायचं बघितलं की. दोन महिने ती बधिर होऊन जगली ती याच दोन गोष्टींवर. शेवटच्या वर्षात माणूस आपला झाला होता, एवढं तरी पदरात होतं.

त्याला फुटपाथ दिसत नव्हता.

"काय झालं गं? थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. अक्षर बारीक आहे," वहिनी म्हणाली, आणि पुढे वाचायला लागली. वाचता वाचता तिला राग आला. मेल्या, मला सांगायला काय झालं होतं? मी पेपर वाचला नसता? हात धरला नसता? सगळं केलं असतं, आणि माहीत असून केलं असतं. दोन महिन्यांनी तिला काहीतरी वाटत होतं. दुसरी बातमी संपली. तिने खेळाचं पान काढलं आणि तेही शेवटपर्यंत वाचलं.

गुरुवारी ती तासभर आधी कामाला गेली. रजिस्टर काढलं. मेच्या तीन तारखेपासून ऑगस्टअखेरपर्यंत शिक्का सत्तेचाळीसने पास केलेले लॉट मोजले. अकरा. दोनशे चौसष्ट पिना. प्रत्येक कार्डावर खाली तिचीच सही, 'कागद पूर्ण'. त्या पिना कधीच गेल्या होत्या. कुठल्या विमानांत बसल्या हेही कागदात होतं. ती विमानं रोज उडत होती आणि रोज त्याच पिनांवर उतरत होती, आणि त्या पिना कोणीही पाहिलेल्या नव्हत्या. अंधारात एक माणूस पाच मिनिटं उभा राहिला होता, मग आणखी थोडा वेळ, आणि बाहेर येऊन त्याने शिक्का मारला होता.

ज्यावर 'शिक्का पुसट' लिहायचं होतं ते कार्ड खणात होतं. आता त्या मार्गाने गेलं तर काय होईल हे तिला दिसत होतं. चोवीस पिना, ज्या बघितल्या गेल्यात, त्या पुन्हा बघितल्या जातील. दोनशे चौसष्ट, ज्या बघितल्या नाहीत, त्या उडत राहतील. आणि नुसत्या तेरा जानेवारीवर बोट ठेवलं, तर ज्याने काम केलं तो गुन्हेगार, आणि ज्याने केलं नाही त्याचा फोटो विभागाच्या भिंतीवर हार घालून लटकलेला. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'बावीस वर्षं, एकही तक्रार नाही.'

तिने कपाटातून लाल फॉर्म काढला. माल अडवायचा, वापरात असेल तर परत मागवायचा, त्यासाठीचा तो फॉर्म. चौदा वर्षांत तिने दोनदाच भरला होता. मग ती खाली गेली. धाकटा जिन्यातच भेटला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"भाऊजी, मी आज लाल फॉर्म भरतेय."

"चोवीस पिनांचा?"

"सगळ्यांचा. मेपासून."

तो पायरीवर बसला. "मे? वहिनी, मे कशाला? मी सांगतो ना, मी मारला शिक्का, मी जातो घरी. दादाचं नाव कशाला मध्ये आणता? तो गेलाय. गेलेल्या माणसाला..."

"तुमच्या पिना कोणीतरी बघितल्यात तरी. ह्यांच्या कोणीच नाही बघितल्या."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"आईला काय सांगायचं?"

"आईंना मी सांगेन," वहिनी म्हणाली. "दोन्ही सांगेन. तुमचंही आणि ह्यांचंही. फॉर्मवर दोन सह्या लागतात. ज्याला माहिती आहे त्याची दुसरी. तुम्ही नाही केलीत तरी मी एकटीने देणार आहे."

जिन्यावरून माणसं वरखाली करत होती आणि "काय वहिनी, काय धाकटे" करत होती. ती दोघंही मान डोलावत होती. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "पेन द्या."

फॉर्म स्वल्पविरामाच्या टेबलावर ठेवला तेव्हा डिस्पॅचचे साहेब तिथेच उभे होते. वहिनीच्या हातात लाल कागद बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "झालं! माझी गाडी गेली!" असं ते म्हणाले, पण मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि न सांगता दार लोटून बाहेर गेले.

स्वल्पविराम वाचू लागला. लाल पेन्सिल त्याने सवयीने हातात घेतली होती. शिक्का क्रमांक, सत्तेचाळीस. लॉटची यादी, दोन पानं. दोष, तडा-तपासणी करणाऱ्यास दिसत नव्हते. खाली दोन सह्या. दुसरी सही वाचून त्याने मान वर केली, दारात उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघितलं, पुन्हा खाली घातली. एका ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता. तिला तो आत्ता दिसला. त्याने पेन्सिल तिथे नेली, आणि काही न करता टेबलावर ठेवून दिली.

"वहिनी," तो म्हणाला, "चौकशीला बाहेरची माणसं येतील. या कागदाचा कीस काढतील. जुलैचा डोळ्यांचा दाखला चांगला आहे, ऑगस्टच्या आधी कोणी साक्षीदार नाही. 'कशावरून' या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'त्या दिवसापासून ते मला पेपर वाचून दाखवायला सांगत.' एवढंच?"

"एवढंच."

"बरं. पण तारीख? विमानं जमिनीवर आणायची ती या एका तारखेवरून. चार दिवस मागंपुढं झाली तर एखादा लॉट सुटेल. तीन मे हे नक्की आठवतंय तुम्हाला?"

तिने त्याच्या टेबलाची कड धरली, नवरा फुटपाथ उतरताना तिचा हात धरायचा तशी, घट्ट.

"नक्की," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली."